न जुळणारी नोंद

बँकेत असताना रोजमेळात चार आण्यांचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत आम्हांला घरी जाता येत नसे. त्यामुळेच असेल, पण विल्यम कोली या अमेरिकन शल्यचिकित्सकाचे आयुष्य मला फार जवळचे वाटते.

कोलींचा जन्म १८६२ चा. १८९० मध्ये न्यूयॉर्कला नुकताच व्यवसाय सुरू केला असताना त्यांच्याकडे १७ वर्षांची बेसी आली. हाताला सार्कोमा, म्हणजे हाडामांसाचा कर्करोग झालेला. कोलींनी तिचा हात कापला, तरी दोन-तीन महिन्यांतच ती गेली. तरुण डॉक्टर हादरला आणि रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळत बसला.

तिथे एक न जुळणारी नोंद सापडली. एका स्थलांतरिताच्या मानेवरची गाठ शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा पुन्हा वाढत होती. त्याला धावरे झाले, सडकून ताप आला, आणि गाठ विरघळली! कोलींनी मॅनहॅटनच्या गरीब वस्त्या पालथ्या घालून त्या माणसाला शोधून काढले. सात वर्षांनंतरही तो ठणठणीत होता.

१८९१ पासून कोली कर्करोग्यांना मुद्दाम धावऱ्याचे जंतू टोचू लागले. हे जिवावरचे काम होते. काही जण त्या संसर्गानेच दगावले. मग त्यांनी मारलेल्या जंतूंची लस केली. १८९३ मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या १६ वर्षांच्या मुलाला ती दिली. तो पुढे २६ वर्षे जगला. पण एकाला गुण येई, दुसऱ्याला येत नसे. का, हे कोलींना सांगता येईना. क्ष-किरणांच्या उपचारांपुढे त्यांची लस मागे पडली. १९३६ मध्ये ते वारले. मुलगी हेलन हिने वडिलांची कागदपत्रे उलगडून एकेका रुग्णाचा हिशेब मांडला आणि १९५३ मध्ये कर्करोग संशोधनासाठी संस्था उभारली.

ज्या शिपायांना कोली नकळत जागे करू पाहत होते, त्यांत रक्तातल्या टी पेशी होत्या. त्यांची ओळख पटू लागली ती १९६० नंतर. या पेशी बिघडलेली पेशी ओळखून मारतात. पण त्यांना आवरणाऱ्याही टी पेशी असतात. त्या शोधाला २०२५ चे नोबेल मिळाले. यकृतात हे आवरणे जास्तच. आतड्यांतून येणाऱ्या रक्ताबरोबर अन्नाचे आणि जंतूंचे अंश तिथे सतत पोचतात. प्रत्येकावर पहारेकरी तुटून पडले, तर यकृतच जळून जाईल. म्हणून ते स्वभावाने सोशिक. आणि याच सोशिकपणाच्या आडोशाला कर्करोग वाढतो.

टी पेशींचा लगाम सैल करणारे अ‍ॅटेझोलिझुमॅब हे औषध २०२० पासून बेव्हासिझुमॅबच्या जोडीने यकृताच्या कर्करोगावर वापरात आले. त्याने कित्येकांचे आयुष्य वाढले, सर्वांचे नाही. एकाला गुण येतो, दुसऱ्याला का नाही? कोलींच्या वहीतला तो फरक अजून पुरता सापडलेला नाही. पण आता निदान तो शोधण्यासाठी पुष्कळ जण दिवे लावून बसले आहेत.