हाफकिन यांचा तक्ता आणि एक बाटली

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या बहुतेक घरांत कोविड लसीकरणाचं प्रमाणपत्र कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये अजून असेल. त्यावर नाव, वय, लसीचं नाव आणि तारीख असते. जवळच एक बॅच नंबरही असतो, पण तो सहसा कुणी वाचत नाही. हा नंबर म्हणजे लसीकरणाच्या मोठ्या तक्त्यातला एक रकाना. तो किती मोलाचा आहे हे समजून घ्यायचं, तर ज्यांच्या नावाची संस्था आज परळमध्ये उभी आहे त्या वाल्देमार हाफकिन यांचं आयुष्य पाहायला हवं.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तिथल्या विद्यापीठात ते मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकले. ज्यू असल्यामुळे रशियात प्राध्यापकीचा मार्ग बंद होता. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. सुरुवातीला काम मिळालं ते ग्रंथालयातलं. उरलेल्या वेळात प्रयोग करत त्यांनी पटकीवरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

ते डॉक्टर नव्हते, त्यामुळे इथल्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी अनेकांना त्यांच्याबद्दल शंका होती. ही शंका दूर करायला हाफकिन यांच्याकडे एकच साधन होतं, ते म्हणजे नीट मांडलेला तक्ता. त्यांची पद्धत सोपी होती. एकाच वस्तीत राहणारे, एकच पाणी पिणारे लोक घ्यायचे. काहींनी लस घेतलेली असेल, काहींनी नाही. एका रकान्यात पहिला गट, दुसऱ्या रकान्यात दुसरा. प्रत्येकापुढे एकूण माणसं किती, आजारी किती पडले, दगावले किती, हे लिहायचं. नुसतं लस दिलेल्यांपैकी इतके वाचले असं सांगण्याला अर्थ नाही, कारण लस न घेताही बरेच जण वाचतात. तुलना हवी, आणि ती सारख्या परिस्थितीतल्या माणसांची हवी, यावर त्यांचा भर होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईत पाठवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या अपुऱ्या जागेत, मोजक्या माणसांना घेऊन त्यांनी काम सुरू केलं. रश्शासारख्या द्रवात तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू त्याखाली लोंबत भरघोस वाढतात, हे त्यांनी शोधलं. ते जंतू उष्णतेने मारून त्यांनी लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पुन्हा आधी स्वतःला टोचून घेतली.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या जवळपास निम्म्या कैद्यांना लस देण्यात आली. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना सौम्य आजार झाला, आणि ते दोघेही वाचले. कैदी एकाच इमारतीत राहत होते आणि एकच अन्न खात होते, म्हणून या आकड्यांना वजन आलं.

त्याहून बोलका तक्ता वर्षभराने बडोद्याजवळच्या उंडेरा गावचा. तिथे १८९८ मध्ये प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली गेली. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांचीच मोजदाद तक्त्यात घेतली. लस न घेतलेले ६४ होते, त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेले ७१ होते, त्यांतले ८ आजारी पडले आणि ३ मेले. शेकड्यात सांगायचं तर एका बाजूला ४१, दुसऱ्या बाजूला ४. लस घेऊनही तिघे गेले, ही गोष्ट तक्त्यात तितक्याच स्पष्टपणे नोंदली होती. लस शंभर टक्के तारते असा दावा त्यात नव्हता, म्हणून तो विश्वासार्ह होता.

आगाखान यांनी जाहीरपणे लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे अनुयायीही पुढे आले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. लाखोंच्या संख्येने लस तिथून देशभर जाऊ लागली. प्रत्येक बाटलीवर क्रमांक असे, आणि कोणत्या गावी कोणती बाटली वापरली याची नोंद होई.

या नोंदीचा कस लागला ३० ऑक्टोबर १९०२ रोजी. पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना पाच बाटल्यांमधून लस देण्यात आली. साधारण आठवड्याने गावात धनुर्वाताचे रुग्ण दिसू लागले आणि त्यांतले १९ जण दगावले. एकोणीसही जणांना ५३ एन या एकाच बाटलीतली लस टोचली होती. बाकीच्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही. म्हणजे दोष लसीच्या मूळ कृतीत नव्हता, एका बाटलीत होता. बाटलीचा रकानाच नसता, तर शंभरावर माणसांतले १९ मेले एवढंच दिसलं असतं, आणि कदाचित लसच कायमची बंद पडली असती.

पण बाटली दूषित कुठे झाली, हा प्रश्न उरला होता. मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगाने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनी लस तयार करताना कार्बोलिक आम्ल घालणं थांबवून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हे त्यांच्याविरुद्ध गेलं. त्यांना पदावरून दूर करण्यात आलं आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

आयोग बाटलीच्या रकान्यापाशी थांबला होता. पुढे ज्यांनी हे प्रकरण पुन्हा तपासलं, त्यांनी वेळेचा रकाना पाहिला. बाटली मुंबईत कित्येक आठवडे आधी भरली होती. तेव्हाच धनुर्वाताचे जंतू आत गेले असते, तर एवढ्या काळात ते वाढून बाटलीत विष साठलं असतं, उघडताना दुर्गंधी आली असती आणि लक्षणंही लवकर दिसली असती. प्रत्यक्षात बाटली उघडणाऱ्याला कसलाही वास आला नव्हता आणि लक्षणं आठवड्याने आली होती. शिवाय त्या दिवशी बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हेही साक्षीत आलं होतं. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. ते कलकत्त्याला परतले खरे, पण लस बनवण्याचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. १९१५ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान इथे त्यांचं निधन झालं.

आज हेच काम संगणकावर होतं. आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावरच्या तक्त्यात रकान्याच्या शीर्षकावर बोट ठेवलं की आकडे चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लागतात. वॉर्ड निवडला की तेवढ्याच ओळी उरतात. बॅचनुसार गट पाडले, तर मुलकोवालला चौकशीतून जे कळलं ते काही क्षणांत दिसू शकतं. मात्र तक्ता पाहणाऱ्याने प्रश्न विचारायचं सोडलं, तर फसगतही तितक्याच लवकर होते. रुग्णसंख्येनुसार क्रम लावला की दाट वस्तीचा वॉर्ड नेहमीच वर दिसतो, पण याचा अर्थ तिथे धोका जास्त आहे असा होत नाही. त्यामुळे असा तक्ता समोर आला की तीन गोष्टी पाहाव्यात. हे आकडे एकूण किती माणसांपैकी आहेत? तुलना कुणाशी केली आहे? आणि कोणता रकाना यात नाही?

घरात बाळ असेल, तर त्याचं लसीकरण कार्ड जपून ठेवा. त्यावर लसीची तारीख लिहिली आहे ना ते पाहा, आणि बॅच नंबर नसेल तर तिथल्या परिचारिकेकडून लिहून घ्या. लस दिल्यावर थोडासा ताप येणं किंवा टोचलेली जागा दुखणं सामान्य आहे. पण फिट आली, श्वास लागला किंवा बाळ निपचित पडलं, तर लगेच रुग्णालयात न्या आणि त्रास लस दिल्यापासून किती तासांनी किंवा दिवसांनी सुरू झाला ते डॉक्टरांना नेमकं सांगा. मुलकोवालच्या तक्त्यात ही वेळ उशिरा वाचली गेली, आणि तोवर हाफकिन यांच्या कामाची पाच वर्षं गेली होती.