गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

आपल्या भागातील अनेक घरांत कोणी ना कोणी गाण्याच्या परीक्षेला बसलेले असते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही नावे आपल्याला बी. ए., बी. कॉम. इतकीच परिचयाची आहेत. फी भरावी, वर्गात बसावे आणि राग शिकावा यात आज कोणाला नवल वाटत नाही. हे ज्यांच्यामुळे घडले ते विष्णु दिगंबर आपल्या अगदी शेजारचे. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांना नदीपलीकडचे कुरुंदवाड ठाऊक असतेच. तेथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी त्यांचा जन्म झाला.

वडील दिगंबरपंत कीर्तनकार. मुलगाही बहुधा त्याच वाटेने गेला असता. पण लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू तोंडावर उडाली आणि डोळे अधू झाले. शाळा सुटली. उपचारासाठी मिरजेला आणलेल्या या मुलाचा गळा चांगला आहे हे ध्यानात आले आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे ते हेच बुवा. त्यांनी स्वतः ही विद्या अतोनात हाल सोसून, दूरदूर भटकून मिळविली होती. एवढ्या कष्टाने मिळालेली गोष्ट कोणी सहजासहजी वाटत नाही. चीज जपून ठेवायची, शिष्याची वर्षानुवर्षे परीक्षा पाहायची, ही तेव्हाची रीतच होती. त्यात केवळ कोतेपणा होता असे मला वाटत नाही. ती विद्या हीच गवयाची शेतीवाडी होती.

मिरजेतील एक हकिकत चरित्रकार सांगतात. एका सभेचे निमंत्रण विष्णुपंतांना आले, पण बुवांना आले नाही. कारण विचारता कळले, की ते पडले गवई! ज्यांचे गाणे दरबारात मान डोलावून ऐकायचे, त्यांना सभेत मात्र खुर्ची नाही. हा सल विष्णुपंतांच्या मनातून गेला नाही. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली; आश्रय सोडला, आणि त्याबरोबर पोटापाण्याची शाश्वतीही.

बडोदे, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास झाला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जलसा केला. आज आपण तिकीट म्हटले की खिशाकडे पाहतो आणि फुकट कार्यक्रमाला उदार मानतो. त्या काळी नेमके उलट होते. दरबारातले गाणे फुकटच असे. पण तेथे निमंत्रणाशिवाय शिरकाव नव्हता, मग खिशात कितीही पैसे असोत. देवळात कीर्तन चाले, पण देवळाचा उंबरठाही सर्वांना खुला नव्हता. तिकीट मात्र घेणाऱ्याचे कुळ विचारीत नाही. माझ्या मते पंडितजींचे सर्वांत धाडसी पाऊल हेच.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले, तेही राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर. सुरुवातीला विद्यार्थीच मिळेनात. भल्या घरची मुले गाणे शिकायला पाठविण्याची लोकांची तयारी नव्हती. हळूहळू ती आली. पुढे स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. गुरूच्या पेटीतल्या चिजा स्वरलिपीत छापून बाजारात आल्या. गरीब होतकरू मुलांसाठी उपदेशक वर्ग होता. नऊ वर्षांचा करार करायचा आणि राहणे, जेवण, शिक्षण सारे पंडितजींच्या खर्चाने. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सारे त्यांचेच शिष्य.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली, मोठी इमारत उठली, छापखाना आला, वाद्ये तयार करण्याचा कारखाना आला. आणि कर्जही आले. जलसे करून ते फेडायचे, असा सारा हिशेब एका माणसाच्या गळ्यावर चालला होता. तो जमला नाही. इमारत लिलावात गेली. एखाद्या संस्थानिकाचे पाय धरले असते तर ती वाचली असती का, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

पुढे ते रामनामाकडे वळले आणि नाशिकला आश्रमात राहिले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात, आणि हजारोंचा समुदाय ते ऐके. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले. १९३० च्या दांडीयात्रेत तेही चालले. ख्याल ज्यांच्या कानावर कधी पडला नव्हता, त्यांच्या तोंडी रागदारीतील भजने बसली.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. गाणे सभ्य घरांत नेण्यासाठी पंडितजींनी ते सोवळे केले. शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ठुमरी-दादरा जतन केला, त्यांना या नव्या विद्यालयात जागा नव्हती. ब्राह्मणाच्या मुलीला गाण्याचा वर्ग उघडला, आणि जिच्या घरी गाणे होते तीच बाहेर राहिली. त्या काळात दोन्ही साधणे कठीण होते हे मान्य करूनही मला ते खटकते.

शिवाय वर्गात बसून गवई होतो का, हा आक्षेप आहेच. त्याचे उत्तर आपल्याच आसपास सापडेल. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेला बाळकृष्णबुवांचे शिष्य नीळकंठबुवा यांच्याकडे शिकले, ते जुन्या पद्धतीने. आमच्या कन्नड विभागातील मित्र अभिमानाने हे सांगतील. पण मन्सूरांना ऐकायला हजारो माणसे तिकीट काढून बसली, ती कोठून आली? पंडितजींचा भर गवयांइतकाच जाणते श्रोते तयार करण्यावर होता.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनीच त्याला शिकविले. १९५२ मध्ये ‘बैजू बावरा’ चित्रपटात तो अमीर खाँसाहेबांबरोबर गायला, आणि गावोगावच्या थिएटरांत लोकांनी ते ख्यालगायन ऐकले.