खडकांची साक्ष आणि फिशर यांचे गणित

वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा आहे. थंड होताना त्यातील लोहखनिजांच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली. विषुववृत्तावर ही दिशा आडवी असते, ध्रुवाकडे जावे तशी ती तिरपी होत जाते. त्यावरून खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला ते काढता येते. पण एकाच थरातले नमुने थोड्या वेगवेगळ्या दिशा दाखवतात. मग भरवसा किती ठेवायचा?

याचे गणित दिले सर रोनाल्ड फिशर यांनी. आम्हा डॉक्टरांना हे नाव संख्याशास्त्रामुळे ठाऊक असते. 1890 मध्ये लंडनला जन्म. नजर इतकी अधू, की भूमिती मनातल्या मनात सोडवायची सवय लागली. 1919 पासून रॉथम्स्टेडच्या शेती संशोधन केंद्रात खतांच्या प्रयोगांसाठी त्यांनी वाफे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायला लावले. आज नवे औषध तपासताना रुग्णांचे गट आपण तसेच पाडतो.

पुढे केंब्रिजला आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक असताना खंड सरकतात या वेगेनर यांच्या कल्पनेत त्यांना रस होता. भारतातले खडक मोजून ती तपासता येईल, असे त्यांनी 1951 मध्ये सुचवले. एडवर्ड अर्व्हिंग या विद्यार्थ्याने दख्खनचे नमुने मिळवून मोजले. 1953 मध्ये फिशर यांनी आइसलँडच्या लाव्हाच्या नोंदी घेऊन विखुरलेल्या दिशांची सरासरी किती पक्की, हे ठरवण्याची रीत प्रसिद्ध केली. ती आजही वापरतात.

दख्खनचे उत्तर होते: हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजला. अर्व्हिंग यांना केंब्रिजने डॉक्टरेट नाकारली! नंतर लंडनच्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनाही तेच आढळले. आज ती जागा सुमारे 30 अंश दक्षिण मानतात. आपले शहर आता 20 अंश उत्तरेला आहे. म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरचा प्रवास.

या रीतीने रेखांश मात्र कळत नाही. शिवाय नंतरच्या उष्णतेने सगळेच नमुने एकसारखे बदलले असतील, तर दिशा छान जुळतात आणि उत्तर चुकते. म्हणून जुनी खूण शाबूत आहे का, हे आधी वेगळे तपासावे लागते.

पुराव्याबद्दल इतके काटेकोर असलेले फिशर स्वतः पाइप ओढत. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे त्यांनी शेवटपर्यंत मानले नाही. तंबाखू उद्योगाचे ते सल्लागारही होते. 1962 मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेडला आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले.