ॲडॉल्फ डास्लर

ॲडॉल्फ डास्लर (३ नोव्हेंबर १९०० – ६ सप्टेंबर १९७८) हे जर्मन पादत्राण-निर्माते आणि आदिदास या कंपनीचे संस्थापक होते. आप्तेष्टांत व खेळाडूंत ते आडी या नावाने ओळखले जात. स्पाइक्स म्हणजे तळाला खिळे असलेले धावण्याचे बूट त्यांच्या पूर्वीही इंग्लंडमध्ये तयार होत असत. डास्लर यांनी मात्र प्रत्येक क्रीडाप्रकारात पायावर पडणारा ताण लक्षात घेऊन त्या त्या प्रकारासाठी स्वतंत्र बूट घडवले.

जन्म व बालपण

डास्लर यांचा जन्म जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील हेर्त्सोगेनआउराख या छोट्या गावी झाला. त्यांचे वडील क्रिस्टोफ जोड्यांच्या कारखान्यात काम करीत, तर आई पाउलिना घरीच कपडे धुण्याचा व्यवसाय चालवी. चार भावंडांत आडी सर्वांत धाकटे होते. धुतलेले कपडे घरोघरी पोहोचवण्याचे काम भावंडांकडे असे. आडी यांनी बेकरीच्या कामाचे शिक्षण घेतले. परंतु त्यांचा ओढा मैदानी खेळांकडे होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले.

व्यवसायाचा आरंभ

युद्धानंतर जर्मनीत टंचाई होती. डास्लर यांनी आईच्या धुण्याच्या खोलीत जोडे शिवण्यास सुरुवात केली. सैन्याने टाकून दिलेल्या सामानातील कातडे व कापड ते वापरीत. विजेचा भरवसा नसल्याने कातडे कापण्याचे यंत्र सायकलचे पायडल मारून चालवले जाई. बुटांचे खिळे त्यांचे लोहार मित्र त्सेलाइन हाताने घडवून देत.

त्याच सुमारास भारतात अनेक धावपटू अनवाणीच धावत असत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे खेळाडू पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले. त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला जो संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. धावण्यासाठी खास बूट ही गोष्ट तेव्हा सामान्य खेळाडूच्या आवाक्यातली नव्हती.

थोरले बंधू रुडॉल्फ व्यवसायात आल्यावर १९२४ मध्ये डास्लर बंधूंच्या नावाने कारखान्याची नोंदणी झाली. रुडॉल्फ विक्री पाहत आणि आडी निर्मिती. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या लीना राड्के यांनी डास्लर यांचे बूट घालून महिलांची ८०० मीटर शर्यत जागतिक विक्रमासह जिंकली. १९३२ मध्ये आडी यांनी पिर्माझेन्स येथील पादत्राण-विद्यालयात शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. तेथील एका अध्यापकाच्या कन्या केटे मार्ट्स यांच्याशी १९३४ मध्ये त्यांचा विवाह झाला. या दांपत्यास पाच अपत्ये झाली.

स्पाइक्सची रचना

वेगाने धावणाऱ्याचे पाऊल मुख्यतः चवड्यावर पडते आणि जमिनीला सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच वेळ टेकते. एवढ्या वेळात पाय मागे घसरला, तर रेट्याचा काही भाग वाया जातो. म्हणून कमी अंतराच्या शर्यतीच्या बुटाला चवड्याखाली खिळे असतात आणि टाचेचा भाग अगदी हलका ठेवतात. उंच उडी मारणाऱ्या खेळाडूच्या बुटाला मात्र टाचेखालीही खिळे लागतात. डास्लर स्वतः मैदानावर जाऊन खेळाडूंशी बोलत, वापरलेल्या बुटांची झीज तपासत आणि त्यानुसार वजन, खिळ्यांची जागा व तळाचा ताठरपणा बदलत. जर्मन संघाचे प्रशिक्षक योझेफ वाइट्सर यांचा सल्लाही त्यांना मिळाला.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्स यांनी ४ सुवर्णपदके पटकावली. त्यांच्यापर्यंत डास्लर यांनी आपले स्पाइक्स पोहोचवले होते. त्या काळी धावपट्टी कोळशाच्या राखेची असे, शर्यतीच्या आरंभासाठी धावपटू लहान खुरप्याने जमिनीत खळगे करीत आणि भुसभुशीत पृष्ठभागात रुतण्यासाठी खिळे लांब ठेवावे लागत.

नाझी राजवट व बंधूंमधील फूट

दोघे बंधू १९३३ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात कारखान्यात रणगाडाविरोधी अस्त्राचे भाग बनवले गेले. युद्धानंतरच्या चौकशीत आडी यांना आरंभी दोषी ठरवण्यात आले. फेरविचारानंतर त्यांची गणना पक्षाच्या सामान्य अनुयायांत झाली व त्यांना व्यवसाय चालू ठेवता आला. रुडॉल्फ यांना अमेरिकी सैन्याने स्थानबद्ध केले होते आणि यामागे आपला भाऊच असल्याचा संशय त्यांनी बाळगला.

१९४८ मध्ये भाऊ विभक्त झाले. रुडॉल्फ यांनी प्यूमा ही कंपनी काढली, तर आडी यांनी १८ ऑगस्ट १९४९ रोजी आपले नाव व आडनाव जोडून आदिदास या नावाची नोंदणी केली. तेव्हा त्यांच्याकडे ४७ कामगार होते. बुटाच्या बाजूस आधार देणाऱ्या पट्ट्या हेच पुढे कंपनीचे तीन रेघांचे चिन्ह झाले. आउराख नदीच्या दोन तीरांवर दोन कारखाने उभे राहिले आणि गावातील अनेक कुटुंबेही दोन तटांत वाटली गेली.

उत्तरकाळ

१९५४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३–२ असे हरवले. पावसाने ओल्या झालेल्या मैदानावर आदिदासच्या बुटांना लांब गुटके बसवता आले, कारण ते स्क्रूने बदलता येत होते. परिस्थितीनुसार तळ बदलण्याची हीच सोय पुढे स्पाइक्समध्येही रूढ झाली.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून कृत्रिम धावपट्टी आली व लांब खिळ्यांची गरज संपली. त्या वर्षी प्यूमाने ६८ बारीक खिळ्यांचा बूट काढला. तो घालून जॉन कार्लोस यांनी २०० मीटर अंतर १९.९२ सेकंदांत कापले, परंतु बूट नियमात न बसल्याने तो विक्रम मान्य झाला नाही. आज एका बुटाला जास्तीत जास्त ११ खिळे चालतात आणि कृत्रिम धावपट्टीवरील शर्यतींसाठी त्यांची लांबी ९ मिलिमीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. नांदेड, लातूरसारख्या भागांतील मातीच्या मैदानांवर सराव करणाऱ्या धावपटूला पुण्यातील बालेवाडीच्या कृत्रिम धावपट्टीवर उतरताना म्हणूनच आखूड खिळे बसवावे लागतात.

निधन

रुडॉल्फ यांचे १९७४ मध्ये, तर ॲडॉल्फ डास्लर यांचे ६ सप्टेंबर १९७८ रोजी निधन झाले. दोघांचे दफन हेर्त्सोगेनआउराख येथील एकाच दफनभूमीत, परंतु परस्परांपासून दूरच्या दोन टोकांना झाले. ॲडॉल्फ यांच्या पश्चात कंपनीची धुरा पत्नी केटे व पुत्र होर्स्ट यांनी सांभाळली.