गालिच्यांच्या बाजारातली संध्याकाळ

फ्रान्झ फर्डिनंड म्हटले की शाळेतले पहिले महायुद्ध आठवते. मला आठवते ती एक संध्याकाळ. ऑस्ट्रियाचा हा युवराज तापट, शिकारीचा नाद अफाट. बायकोच्या बाबतीत मात्र हळवा. सोफी चोटेक सरदारकन्या, राजकन्या नव्हे. म्हणून सम्राट काकांनी 28 जून 1900 रोजी त्याच्याकडून शपथ घेतली, मुलांना गादीवर हक्क नाही. 1 जुलैला लग्न झाले. दरबारी समारंभात तिने नवऱ्याशेजारी चालायचे नाही, असा शिरस्ता.

लष्करी दौऱ्यावर मात्र हे नियम सैल होत. बँकेत असताना इन्स्पेक्शनला जोडून सौ.ला चार दिवस फिरवून आणण्याची युक्ती मीही केली आहे! 1914 च्या जूनमध्ये तो कवायती पाहायला बोस्नियात गेला, सोफीलाही बोलावले. लग्नाचा 14 वा वाढदिवस आठवड्यावर आला होता. 25 तारखेच्या संध्याकाळी दोघे सारायेव्होच्या बाजारात हिंडले, गालिचे पाहिले. भोवती कौतुकाने गर्दी जमली.

तीनच दिवसांनी, 28 जूनला, त्याच शहरात उघड्या मोटारीत शेजारी बसलेली ती दोघे गाव्रिलो प्रिन्सिपच्या गोळ्यांना बळी पडली. व्हिएन्नातल्या राजघराण्याच्या दफनघरात सोफीला जागा नव्हती. त्याने आर्टस्टेटनच्या वाड्यात दोघांसाठी आधीच बांधून ठेवली होती.