रेल्वे कंपनीच्या खिशातलं राज्य एका वकिलाने बाहेर काढलं, पण पुढे काय झालं?

निवडणुकीत जिंकायचं कोणीही, कारभार मात्र एकाच कंपनीच्या ऑफिसातून चालायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात हेच चित्र होतं.

कंपनीचं नाव सदर्न पॅसिफिक रेल्वे.

शेतकऱ्याला माल बाजारात पाठवायचा तर हिचीच गाडी, आणि भाडं किती ते हीच ठरवणार. भाड्यावर लक्ष ठेवायला सरकारी कमिशन होतं, पण ते नावापुरतंच. कंपनीचा मुख्य वकील विल्यम हेरिन. त्याच्या हाताखाली फक्त राजकारण सांभाळायला वेगळं खातं होतं. आमदार, अधिकारी, पत्रकार यांना रेल्वेचे फुकट पास मिळायचे. पक्ष रिपब्लिकन असो की डेमोक्रॅट, उमेदवारी कोणाला द्यायची यात कंपनीचा शब्द चालायचा.

अशा राज्यात २ सप्टेंबर १८६६ ला सॅक्रामेंटो शहरात हायरम जॉन्सनचा जन्म झाला. गंमत म्हणजे त्याचे वडील ग्रोव्ह जॉन्सन हे रेल्वेच्या बाजूचेच राजकारणी. हायरमने बर्कलेचं शिक्षण अर्धवट सोडून लग्न केलं, १८८८ मध्ये वकिलीची सनद मिळवली आणि वडिलांसोबतच काम सुरू केलं. पण राजकारणावरून बापलेकाचं बिनसलं. १९०२ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला.

तिथे एका खटल्याने त्याचं नशीब बदललं.

शहराचा महापौर नावाला होता, सूत्रं एब रूफ नावाच्या वकिलाकडे होती. कंपन्यांकडून पैसे घेऊन नगरसेवकांना वाटल्याचा त्याच्यावर आरोप होता. नोव्हेंबर १९०८ मध्ये भर कोर्टात सरकारी वकील फ्रान्सिस हेनी यांच्यावर गोळी झाडली गेली. ते वाचले, पण खटला अर्धवट राहिला. जॉन्सन पुढे आला, त्याने खटला हातात घेतला आणि महिन्याभरात रूफ दोषी ठरला. शिक्षा १४ वर्षांची.

आता जॉन्सनचं नाव घरोघरी पोहोचलं होतं. रेल्वेविरोधी रिपब्लिकन नेत्यांनी १९१० मध्ये त्याला गव्हर्नरपदासाठी उभं केलं. १९०९ च्या नव्या कायद्यामुळे पक्षाचा उमेदवार आता नेत्यांच्या अधिवेशनात नाही, तर थेट मतदानाने ठरणार होता. म्हणजे हेरिनच्या हातातली मोठी किल्ली आधीच गेली होती.

रेल्वेविरुद्ध लढायचं म्हणून जॉन्सनने मोटारगाडीने राज्य पिंजून काढलं. मुद्दा एकच, कंपनीला राजकारणातून बाहेर काढायचं. तो जिंकला.

१० ऑक्टोबर १९११ ला राज्यात विशेष मतदान झालं. राज्यघटनेतले २३ बदल लोकांसमोर ठेवले होते, त्यातले २२ मंजूर झाले. महिलांना मतदानाचा हक्क मिळाला. रेल्वे कमिशनला खरे अधिकार मिळाले. आणि लोकांच्या हातात तीन हत्यारं आली : सह्या गोळा करून कायदा थेट मतदानाला आणायचा, विधिमंडळाने केलेला कायदा मतदानाने रोखायचा आणि निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी घरी पाठवायचं.

पण प्रत्येक दबावगटाशी जॉन्सन भांडला नाही. कॅलिफोर्नियातल्या कामगार संघटना आणि आशियाईविरोधी गट जपानी शेतकऱ्यांविरुद्ध उठले होते. १९१३ मध्ये जॉन्सनने सही केलेल्या कायद्याने, ज्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळूच शकत नाही अशा परदेशी लोकांना शेतजमीन विकत घ्यायला बंदी आली. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भारतीय लोक नागरिकत्वाला पात्र नाहीत असा निकाल दिला आणि तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांनाही या कायद्याचा फटका बसला.

मधल्या काळात, १९१२ मध्ये, तो थिओडोर रूझवेल्टसोबत उपराष्ट्राध्यक्षपदासाठी लढला आणि हरला. १९१६ ला सिनेटसाठी उभा राहिला. त्याच वर्षी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार चार्ल्स ह्यूज लाँग बीचच्या एका हॉटेलात थांबले होते. जॉन्सनही तिथेच होता, पण ह्यूज त्याला न भेटताच निघून गेले. ह्यूज कॅलिफोर्निया ४ हजारांपेक्षा कमी मतांनी हरले आणि त्यासोबत राष्ट्राध्यक्षपदही गेलं. जॉन्सन मात्र त्याच राज्यातून जवळपास ३ लाख मतांनी जिंकला.

मार्च १९१७ पासून मरेपर्यंत तो सिनेटर होता. कोलोरॅडो नदीवर सरकारी खर्चाने धरण बांधायला खासगी वीज कंपन्यांचा कडाडून विरोध होता. जॉन्सन आणि खासदार फिल स्विंग वर्षानुवर्षं विधेयक आणत राहिले, शेवटी १९२८ मध्ये ते मंजूर झालं. त्यातूनच हूव्हर धरण उभं राहिलं. परदेशी भानगडीत अमेरिकेने पडू नये यावर मात्र तो शेवटपर्यंत अडून राहिला. आधी लीग ऑफ नेशन्सला विरोध, नंतर संयुक्त राष्ट्रांना.

६ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, तो गेला.

त्याने दिलेली हत्यारं आजही कॅलिफोर्नियात वापरली जातात. २००३ मध्ये लोकांनी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदतीआधी घरी पाठवलं आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर गव्हर्नर झाले.

पण सह्या गोळा करायला माणसं लागतात, माणसांना पैसे लागतात. २०२० मध्ये उबर, लिफ्ट अशा ॲप कंपन्यांनी आपल्या ड्रायव्हरना कर्मचारी मानू नये यासाठी स्वतःच एक कायदा मतदानाला आणला. प्रचारावर २० कोटी डॉलरहून जास्त खर्च केले आणि जिंकल्या.

एका कंपनीला वेसण घालायला बनवलेलं हत्यार शंभर वर्षांनी दुसऱ्या कंपन्यांनी उचललं. विधिमंडळ गाठायची त्यांना गरजच उरली नाही, त्या थेट मतदारापर्यंत पोहोचल्या.