सॅक्सोफोनवाली बाई

सॅक्सोफोन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो लग्नाच्या वरातीतला बँड, नाहीतर जुन्या हिंदी गाण्यांतला तो घोगरा, लाडिक सूर. हे वाद्य अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीतही वाजतं, हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक असेल? मलाही नव्हतं. आणि तिथे त्याला जागा मिळावी म्हणून झटणाऱ्यांत एक विधवा बाई होती, तिला नीट ऐकूही येत नव्हतं, हे कळल्यावर तर मी चाटच पडले.

तिचं नाव एलिस हॉल. जन्म १८५३ साली पॅरिसमध्ये, पण घराणं बॉस्टनचं, कूलिज. खाऊनपिऊन सुखी नव्हे, चांगलंच श्रीमंत. लग्न झालं डॉ. रिचर्ड हॉल यांच्याशी. हे न्यूयॉर्कमधले नावाजलेले सर्जन. पुढे दोघं कॅलिफोर्नियात सांता बार्बराला राहायला गेले. टायफॉइडच्या दुखण्यानंतर एलिसचं ऐकणं मंदावू लागलं. फुंकून वाजवायचं एखादं वाद्य शिकलं तर कानांना फायदा होईल, असं डॉक्टरांनी सुचवलं म्हणतात. त्याने कान सुधारले नाहीत, पण चाळिशीच्या आसपासच्या या बाईच्या हाती सॅक्सोफोन मात्र आला.

त्या काळच्या बड्या घरातल्या बायका पियानो वाजवत, फार तर व्हायोलिन. गाल फुगवून, चेहरा वेडावाकडा करून पितळी वाद्य फुंकणं म्हणजे सभ्य बाईला न शोभणारं. शिवाय हे वाद्यच मुळी बिनकुळीचं! अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण ते रमलं लष्करी बँडमध्येच. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयातला त्याचा वर्ग १८७० साली बंद पडला, तो थेट १९४२ मध्ये पुन्हा उघडला. म्हणजे एलिसने हे वाद्य हातात घेतलं तेव्हा तिला वाजवायला दर्जेदार रचना जवळजवळ नव्हत्याच.

१८९७ मध्ये डॉक्टर अचानक गेले. अपेंडिक्सने. अमेरिकेत अपेंडिक्सची शस्त्रक्रिया यशस्वी करणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांपैकी ते एक, आणि त्यांना तेच दुखणं भोवलं! एलिस बॉस्टनला परतली. तिथे १९०० च्या सुमारास तिने 'बॉस्टन ऑर्केस्ट्रल क्लब' उभा केला. हौशी वादक आणि पेशेवर वादक एकत्र बसवले. दिग्दर्शनासाठी जॉर्ज लाँजी हा फ्रेंच ओबोवादक गाठला. त्याच्याकडे ती स्वतः शिकलीही. आणि रचना नाहीत ना, मग लिहवून घेऊ, असं ठरवलं. पैसा होता म्हणून जमलं, हे कबूल करायलाच हवं. पण पैसा तर कितीकांकडे होता. त्यांना हे सुचलं नाही.

लोफ्लर, व्हँसाँ दँदी, पुढे फ्लोराँ श्मिट अशा नामवंतांकडून तिने वीसेक रचना लिहवून घेतल्या. यातलं सगळ्यात मोठं नाव देब्युसी. त्याला पैसे आधीच पोचते झाले. त्याने ते खर्चही करून टाकले, रचनेचा मात्र पत्ता नाही! वाद्याची त्याला ओळख नव्हती आणि उत्साहही नव्हता. एलिस चिकाटीची. तिचा तगादा सुरूच. १९०४ मध्ये ती पॅरिसला जाऊन दँदीची रचना जाहीर मैफलीत वाजवून आली. देब्युसीने ते ऐकलं, आणि गुलाबी झग्यातल्या बाईच्या हातात असं बेढब वाद्य त्याला हास्यास्पद वाटलं. मित्रांना लिहिताना तो तिचा उल्लेख सॅक्सोफोनवाली बाई असा थट्टेने करी. मला त्याचं संगीत आवडतं, तरी हे वाचून रागच आला. ज्या बाईचे पैसे खाल्ले तिचीच चेष्टा? आमच्या महिला मंडळात ऐकू कमी येणाऱ्या दोघीतिघी आहेत. लोक हसतील म्हणून त्या कानाला यंत्र लावत नाहीत, चारचौघांत बोलायचंही टाळतात. ही बाई मात्र तसल्याच कानांनी पॅरिसच्या रसिकांपुढे उभी राहिली होती.

देब्युसीने अखेर काही वर्षांनी आराखडा तयार केला, पण वाद्यवृंदासाठीची मांडणी केलीच नाही. १९१८ मध्ये तो वारला. रोजे-द्युकास या त्याच्या स्नेह्याने ती पुरी केली आणि १९१९ मध्ये पॅरिसमध्ये रचना पहिल्यांदा वाजली. वाजवणारा दुसराच कुणी होता. एलिस तेव्हा पासष्टीला पोचली होती. कानांनी जवळजवळ साथ सोडली होती. स्वतःसाठी लिहवून घेतलेली ती रचना तिने कधीच वाजवली नाही.

१९२४ साली ती गेली. श्मिटची रचना आणि देब्युसीची ती 'रॅप्सोडी' आज जगभरचे सॅक्सोफोन शिकणारे विद्यार्थी घोटतात. देब्युसीच्या हातचं त्या रचनेचं हस्तलिखित पॅरिसला राहिलं नाही, ते बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीच्या संग्रहात गेलं. त्यावर एलिसचं नाव आहे.